कुंपणाखालची वाट

अंगावर काटे असलेला प्राणी म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर साळिंदर उभे राहते आणि हेजहॉगचे चित्र पाहिल्यावरही पुष्कळांना ते साळिंदराचे पिल्लूच वाटते; प्रत्यक्षात या दोन प्राण्यांचे नाते फार दूरचे आहे. साळिंदर हे कृंतक गणातले, म्हणजे उंदीर-खारींच्या जमातीतले, कंदमुळे आणि साली कुरतडणारे, दहा-पंधरा किलो वजनाचे जनावर आहे. हेजहॉग मात्र चिचुंदरीचा नातलग असून किडे, अळ्या आणि गांडुळे यांवर जगतो आणि त्याचे वजन सहसा किलोभराच्या आतबाहेरच राहते. दोघांचेही काटे म्हणजे रूपांतर पावलेले केसच असले, तरी हे रूपांतर दोन्ही वंशांत स्वतंत्रपणे घडलेले आहे. साळिंदराचे लांब काटे सहज सुटून शत्रूच्या अंगात रुततात, तर हेजहॉगचे आखूड काटे कातडीत घट्ट रोवलेले असतात आणि ते कोणावरही सोडले जात नाहीत. कोशांमध्ये या प्राण्यासाठी जाहक असा संस्कृत शब्द सापडतो. बोलण्यात मात्र तो रुळलेला नसल्याने या लेखात हेजहॉग हेच नाव वापरले आहे.

हेजहॉगच्या सतराएक जाती आज ओळखल्या जातात आणि त्या युरोप, आशिया व आफ्रिका या तीनच खंडांत मूळच्या आहेत. एरिनॅसिडी या त्यांच्या कुळात आग्नेय आशियातील जिम्न्यूर नावाचे बिनकाट्यांचे प्राणीही मोडतात, यावरून काटे हे या कुळाचे आद्य लक्षण नसून नंतर लाभलेले साधन आहे, असे समजता येते. या जातींपैकी सर्वांत अधिक अभ्यास झाला तो पश्चिम युरोपात आढळणाऱ्या हेजहॉगचा. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला एरिनेशियस युरोपिअस हे शास्त्रीय नाव दिले. ब्रिटन, डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्स या देशांत तो घनदाट अरण्यात क्वचितच सापडतो. शेताचे बांध, बांधांवरची झुडपी कुंपणे, फळबागा, कुरणांच्या कडा, दफनभूमी आणि घरामागच्या बागा हे त्याचे खरे घर होय. त्यामुळे त्याच्या जीवशास्त्राची हकिकत माणसाने वापरलेल्या जमिनीच्या हकिकतीपासून वेगळी काढता येत नाही.

प्रौढ हेजहॉगच्या पाठीवर आणि कुशींवर सुमारे पाच ते सात हजार काटे असतात. एकेक काटा दोन ते अडीच सेंटिमीटर लांब, केराटिन या प्रथिनाचा, म्हणजे आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचा बनलेला असतो. तो आडवा कापून भिंगाखाली पाहिला तर आतून पोकळ दिसतो. बाहेरच्या कवचाच्या आतल्या अंगाने उभ्या धारा निघालेल्या असतात आणि पोकळीत पातळ पडद्यांनी लहान लहान कप्पे पडलेले असतात. या रचनेमुळे काटा वजनाला हलका राहतो आणि दाबाखाली सहजासहजी मोडतही नाही. कातडीत शिरण्यापूर्वी काटा एकदम निमुळता होतो व तेथे किंचित वाकतो, आणि कातडीच्या आत त्याला कंदासारखा फुगीर तळ असतो. उंचावरून पडलेल्या हेजहॉगचे काटे या निमुळत्या मानेपाशी लवतात आणि धक्का शरीरापर्यंत पोहोचू देत नाहीत. काटा आत घुसण्याचा धोका तळाच्या फुगीरपणामुळे टळतो. काट्याचे आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे असते, एक गळला की त्याच जागी दुसरा उगवतो आणि हे सारे निरनिराळ्या वेळी घडत असल्याने पाठ कधीच उघडी पडत नाही.

परंतु काट्यांना अर्थ येतो तो त्यांच्याखालच्या स्नायूंमुळे. हेजहॉगची पाठीवरची कातडी शरीराच्या मानाने अतिशय सैल असते आणि तिच्या कडेने, कपाळापासून शेपटीपर्यंत वळसा घालून, एक जाड वर्तुळाकार स्नायू गेलेला असतो. चाहूल लागताच प्रथम कपाळावरचा स्नायू आकसतो आणि काट्यांची झालर डोळ्यांवर उतरते. धोका टळला नाही तर प्राणी डोके व पाय पोटाशी घेतो, दुसरे स्नायू सैल कातडी खाली ओढतात आणि मग बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड आवळले जावे तसा तो वर्तुळाकार स्नायू पोट, पाय, तोंड या सर्व मऊ भागांवर आवळून बसतो. ताणलेल्या कातडीबरोबर काटेही ताठ होतात आणि एकमेकांना छेद देत सर्व दिशांना उभे राहतात. या अवस्थेत हेजहॉग तासन्तास राहू शकतो. कोल्हा बहुधा नाद सोडून देतो. बॅजर या बलदंड मांसाहारी प्राण्याची लांब नखे आणि मोठ्या शृंगी घुबडाचे पंजे एवढीच काय ती साधने युरोपात हा गोळा नियमितपणे उघडू शकतात.

या संरक्षणाची किंमत हेजहॉगला रोज मोजावी लागते. काट्यांच्या दाटीमुळे पाठीची कातडी चाटून किंवा खाजवून स्वच्छ करणे त्याला नीट जमत नाही आणि केसांची लव नसल्याने तेथे ऊबही फारशी टिकत नाही. पिसवा, गोचिडी आणि बुरशी यांना ही जागा आयतीच मिळते. त्याच्या पिसवेची तर स्वतंत्र जातच आहे. याच बुरशीतून अलीकडे वैद्यकशास्त्राला एक महत्त्वाची गोष्ट कळली. हेजहॉगच्या त्वचेवर वाढणारी ट्रायकोफायटन एरिनेसिआय ही बुरशी पेनिसिलिनच्या वर्गातली प्रतिजैविके स्वतःच तयार करते आणि त्याच त्वचेवर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूंना तग धरायचा तर त्या द्रव्यांना पुरून उरावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या या जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच, म्हणजे माणसाने पहिले प्रतिजैविक औषध वापरण्याच्या कितीतरी आधी, हेजहॉगच्या अंगावर उदयाला आला होता. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या हेजहॉगांपैकी साठ टक्क्यांपर्यंत प्राण्यांवर तो सापडला. औषधांचा अतिवापर हे प्रतिजैविक-प्रतिकाराचे आजचे मोठे कारण आहेच आणि या शोधाने त्या कारणाला सवलत मिळत नाही. पण प्रतिकारशक्ती निसर्गात आधीपासून घडत असते आणि औषधांच्या माऱ्यात तिला पुढे येण्याची संधी मिळते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत.

काटेरी अपत्याचा जन्म होतो तरी कसा, ही शंका स्वाभाविक आहे. सुमारे पाच आठवड्यांच्या गर्भकाळानंतर मादी बहुधा चार-पाच पिल्लांना जन्म देते. जन्माच्या क्षणी पिल्लाची पाठ गुळगुळीत आणि सुजल्यासारखी दिसते, कारण त्या वेळी कातडीखाली द्रव साठलेला असतो आणि शंभराच्या आसपास पांढरे काटे त्या द्रवाने फुगलेल्या कातडीत बुडलेले असतात. त्यामुळे आईच्या जननमार्गाला इजा होत नाही. पुढच्या काही तासांत हा द्रव शरीरात शोषला जातो, कातडी आकसते आणि काट्यांची पांढरी टोके वर येतात. दोन दिवसांच्या आतच त्यांच्यामधून गडद रंगाच्या काट्यांची दुसरी पिढी डोकावू लागते. साधारण अकराव्या दिवशी पिल्लाला अंगाची गुंडाळी करता येऊ लागते, चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते आईमागून घरट्याबाहेर पडते आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या वाटेने निघून जाते. पिल्लांच्या संगोपनात नराचा काहीही भाग नसतो. मादीच्या घरट्याशी सुरुवातीच्या दिवसांत कोणी ढवळाढवळ केली तर ती पिल्ले टाकून जाते किंवा खाऊनही टाकते, म्हणून घरटे चुकून उघडले गेलेच तर ते तसेच झाकून दूर व्हावे, असे जाणकार आवर्जून सांगतात.

मिलनापूर्वीचा प्रसंग दीर्घ आणि आवाजी असतो. नर मादीभोवती घिरट्या घालतो, मादी कुशीचे काटे उभारून त्याला दूर ठेवते आणि जोरजोराने फुत्कारते. हे तासन्तास चालते आणि पुष्कळदा त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. हेजहॉग एकटा राहणारा प्राणी असला तरी तो आपल्या हद्दीसाठी भांडत नाही. एकाच बागेतून एका रात्रीत अनेक हेजहॉग वेगवेगळ्या वेळी जाऊन येतात आणि रोज सायंकाळी दिसणारा ‘आपला’ हेजहॉग एकच आहे, अशी घरमालकाची समजूत असते. इंग्लंडमध्ये अंगावर खुणा करून आणि रेडिओ-प्रेषक लावून केलेल्या अभ्यासांत नराचा वावर सुमारे तीस हेक्टरांवर, म्हणजे पंचाहत्तर एकरांवर, आणि मादीचा दहाएक हेक्टरांवर असल्याचे आढळले. नर एका रात्रीत एक ते दोन किलोमीटर सहज चालतो, विणीच्या काळात त्याहूनही अधिक. बसल्या जागी आखूड वाटणारे त्याचे पाय काट्यांच्या झालरीखाली दडलेले असतात. प्रत्यक्षात ते बरेच लांब असल्याने तो वेगाने धावतो, खडबडीत भिंत चढतो आणि पाण्यात पोहतोही. ओंजळभर दिसणाऱ्या प्राण्याला एवढी मोठी आणि सलग जमीन लागते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या विवेचनाचा कणा आहे.

ही भ्रमंती अन्नासाठी असते. हेजहॉगची नजर अधू, पण घ्राणेंद्रिय आणि कान अत्यंत तीक्ष्ण असतात. ओले नाक जमिनीलगत फिरवत, फुसफुसत तो चालतो आणि मातीच्या वरच्या थरातला भुंगेरा किंवा पाचोळ्याखालचा सुरवंट वासाने हुडकतो. भुंगेरे, सुरवंट, गांडुळे, बिनशंखाच्या गोगलगायी हा त्याचा मुख्य आहार असून संधी मिळाल्यास तो पक्ष्यांची अंडी, बेडूक आणि मेलेल्या प्राण्यांचे मांसही खातो. छत्तीस दातांपैकी पुढचे दोन पुढे झुकलेले असतात आणि त्यांनी तो किडा चिमट्याने उचलावा इतक्या अचूकपणे उचलतो. दूध मात्र त्याला मानवत नाही, कारण दुधातली लॅक्टोज ही शर्करा त्याला पचत नाही. ब्रिटनमध्ये बागेत येणाऱ्या हेजहॉगसाठी पाव आणि दुधाची बशी ठेवण्याची प्रेमळ चाल कित्येक पिढ्या चालत आली आणि तिच्यामुळे प्राण्यांना जुलाब होऊन त्रासच अधिक झाला.

विषाशी असलेले त्याचे नाते विशेष पाहण्यासारखे आहे. युरोपातल्या अॅडर या विषारी सापाशी गाठ पडली तर हेजहॉग कपाळावरचे काटे पुढे करून त्याला चिथावतो, सापाचे दंश काट्यांवर पडत राहतात आणि साप थकला की त्याच्या पाठीचा कणा चावून तोडला जातो. एखादा दंश कातडीपर्यंत पोहोचलाच तरी शरीरात त्याची तजवीज असते. हेजहॉगच्या स्नायूंमध्ये एरिनासिन नावाचे प्रथिन सापडले असून ते सर्पविषातल्या रक्तस्राव घडवणाऱ्या विकरांना, म्हणजे ऊती तोडणाऱ्या प्रथिनांना, निष्प्रभ करते. त्याखेरीज मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या ग्राहक-प्रथिनाची घडणही त्याच्यात अशी बदललेली आहे की सापाचे मज्जाविष त्याला नीट चिकटू शकत नाही. ही प्रतिकारशक्ती अमर्याद नाही आणि मोठ्या दंशाने हेजहॉग मरतोही, हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण लोकप्रिय लेखनातून त्याला सर्पविष बाधतच नाही असा समज पसरलेला आहे.

याहूनही विलक्षण आहे ती स्वतःच्या अंगाला फेस फासण्याची सवय. एखादी उग्र वासाची वस्तू, मग ती भेकाची कातडी असो, तंबाखू असो, चामडे असो किंवा वार्निश असो, हेजहॉगच्या वाटेत आली की तो थबकतो, ती हुंगतो, चाटतो आणि मग एकाग्रपणे चघळू लागतो. थोड्याच वेळात तोंडाशी पांढरा फेस जमतो. मग पुढचे पाय फाकवून, मान मागे अशक्य वाटावी इतकी पिळून तो लांब जीभ पाठीपर्यंत नेतो आणि तो फेस काट्यांवर थापतो; एका बाजूला झाला की दुसऱ्या बाजूला, आणि या खटाटोपात पुष्कळदा तोल जाऊन कोलमडतोही. त्या वेळी त्याला आजूबाजूचे भान राहत नाही, जवळ उभ्या माणसाचीही तो दखल घेत नाही. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडमंड ब्रॉडी यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये याचे एक स्पष्टीकरण मांडले. हेजहॉग भेकाच्या विषग्रंथी चावून ते विष फेसातून काट्यांना लावतो आणि असे काटे टोचल्यास साध्या काट्यांपेक्षा अधिक आग होते, हे त्यांनी माणसांवर काटे टोचून पाहून दाखवले. भेकाच्या बाबतीत हा खुलासा पटतो. पण वार्निश चघळून अंगाला फासण्यात संरक्षण ते कोणते, हा प्रश्न त्याने सुटत नाही आणि स्वतःचा वास लपवणे किंवा इतर हेजहॉगांना सूचना देणे अशीही कारणे सुचवली गेली आहेत. एका कारणाने संपूर्ण सवय समजावण्याचा अट्टहास न धरलेला बरा.

उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या हिवाळ्यात किडे नाहीसे होतात आणि हेजहॉगपुढे दोनच मार्ग उरतात, स्थलांतर करणे किंवा खर्च थांबवणे. तो दुसरा मार्ग पत्करतो. शीतनिद्रा म्हणजे गाढ झोप नव्हे. ती शरीराचा कारभार जवळजवळ बंद ठेवण्याची नियंत्रित अवस्था आहे. एरवी पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असणारे शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाबरोबर उतरत पाच-दहा अंशांपर्यंत येते, मिनिटाला एकशे नव्वदच्या घरात पडणारे हृदयाचे ठोके वीसच्या आसपास येतात आणि श्वासांमध्ये लांबलांब खंड पडतात. भोवताली गोठणबिंदूच्या खाली थंडी गेली तर शरीर आपोआप थोडी उष्णता निर्माण करू लागते, जेणेकरून रक्त गोठू नये. खांद्यांपाशी साठवलेला तपकिरी मेद हा या काळातला राखीव साठा असतो. साधी पांढरी चरबी हळूहळू जळून रोजचा किरकोळ खर्च भागवते, तर तपकिरी मेद जलद उष्णता देतो आणि जागे होण्याच्या वेळी उपयोगी पडतो. कारण हिवाळाभर हेजहॉग सलग निद्रिस्त राहत नाही, आठवडा-दोन आठवड्यांनी त्याचे शरीर तापून पूर्ववत होते, कधी तो घरटेही बदलतो आणि पुन्हा निद्रेत जातो. अशा प्रत्येक जागृतीला चरबीचा मोठा वाटा खर्ची पडतो. म्हणून हिवाळ्यात मध्येच आलेले उबदार दिवस त्याला सुखाचे नसतात. शरीर जागे होते, पण बाहेर खायला काहीच नसते.

या निद्रेसाठी बांधलेले घरटे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे. झुडपाच्या बुडाशी किंवा लाकडांच्या ढिगाखाली हेजहॉग रुंद पानांचा पाचोळा तोंडाने वाहून आणतो, ढीग झाला की त्यात शिरतो आणि आतल्या आत गोल गोल फिरत राहतो, त्यामुळे पाने एकावर एक सपाट बसून दाट थरांची भिंत तयार होते. ती पाणी आत येऊ देत नाही आणि आतले तापमान फार चढू-उतरू देत नाही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पॅट मॉरिस यांनी अशा घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला असून चांगले घरटे बांधण्याजोगी पाने आणि आधार नसेल तेथे हेजहॉगचा हिवाळा निभणे कठीण, असा त्याचा अर्थ निघतो. नीटनेटक्या, झाडून लख्ख केलेल्या बागेत हा प्राणी टिकत नाही त्याचे एक कारण हेच. वजनाचा हिशेबही तितकाच कठोर आहे. साधारण साडेचारशे ग्रॅमांखालचे पिल्लू थंडी सुरू होण्यापूर्वी वाढले नाही तर वसंत पाहत नाही, त्यामुळे सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या उशिराच्या पिल्लांपैकी बहुतेक मरतात.

हिवाळ्यातली ही थांबलेली वाढ हेजहॉगच्या हाडांवर नोंदली जाते. जबड्याच्या हाडाचा पातळ छेद घेतल्यास प्रत्येक शीतनिद्रेमागे एक रेषा दिसते आणि या रेषा मोजून प्राण्याचे वय सांगता येते. डेन्मार्कमध्ये संशोधक सोफी लुंड रासमुसेन यांनी २०१६ मध्ये नागरिकांना मेलेले हेजहॉग जमा करण्याचे आवाहन केले आणि देशभरातून ६९७ प्राणी गोळा झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरासरी वय जेमतेम दोन वर्षे निघाले, तर एक नर तब्बल सोळा वर्षे जगलेला आढळला. तोपर्यंत ज्ञात असलेले कमाल वय नऊ वर्षांचे होते. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक प्राणी रस्ते ओलांडताना वाहनाखाली सापडले होते. या दोन आकड्यांमधले अंतर, म्हणजे दोन आणि सोळा, पुरेसे बोलके आहे: या प्राण्याचे शरीर दीर्घायुष्यासाठी सक्षम आहे, त्याला तितके जगू दिले जात नाही.

माणसाने हेजहॉगकडे कधी संशयाने पाहिले, कधी लाडाने. फळांवर लोळून तो सफरचंदे काट्यांवर टोचून नेतो, असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहिले आणि ती कल्पना शतकानुशतके चित्रांतून टिकली. हेजहॉग अन्न साठवतच नाही, त्यामुळे तिला आधार नाही. रात्री झोपलेल्या गायींच्या आचळांना लागून तो दूध पितो, ही दुसरी समजूत मात्र त्याच्या जिवावर उठली. इंग्लंडमध्ये १५६६ साली झालेल्या कायद्याने उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याला घातले आणि प्रत्येक हेजहॉगमागे दोन पेन्सचे बक्षीस ठरले. पुढे दीर्घकाळ गावोगावच्या चर्चच्या हिशेबवह्यांत ही बक्षिसे खर्ची पडत राहिली. याउलट एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडला गेलेल्या ब्रिटिश वसाहतकारांनी त्याला सोबत नेले, आणि स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावर १९७४ मध्ये बागेतल्या गोगलगायी आटोक्यात ठेवण्यासाठी काही हेजहॉग सोडले गेले. दोन्ही ठिकाणी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी त्यांनी फस्त केली. उइस्ट बेटांवर २००३ पासून त्यांना मारण्याची मोहीम निघाली, तिला विरोध झाला आणि २००७ नंतर पकडून मुख्य भूमीवर सोडण्याचा मार्ग स्वीकारला गेला. यात दोष प्राण्याचा नव्हता. जेथे तो कधी नव्हता तेथे नेऊन सोडणाऱ्यांचा होता.

त्याच्या स्वतःच्या भूमीत मात्र तो झपाट्याने उणा होत आहे. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात तीन कोटींहून अधिक हेजहॉग असल्याचा एक आकडा वारंवार उद्धृत होतो. तो निव्वळ अंदाज होता आणि त्याच्याशी तुलना करून घट मोजणे योग्य नाही. १९९५ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास आणि २०१८ मध्ये पावणेनऊ लाखांच्या आसपास, हे नंतरचे अंदाजही वेगवेगळ्या पद्धतींचे आहेत. अधिक विश्वासार्ह आहेत त्या वर्षानुवर्षे एकाच रीतीने घेतलेल्या नोंदी, आणि त्यांवरून २०२२ च्या अहवालात असे दिसले की २००० सालापासून ग्रामीण ब्रिटनमधील हेजहॉगांची संख्या प्रदेशानुसार तीस ते पंचाहत्तर टक्क्यांनी घटली, तर शहरांत ती स्थिरावते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, या जातीला ‘चिंता नसलेली’ या वर्गातून काढून ‘संकटाच्या उंबरठ्यावरील’ या वर्गात टाकले.

खेड्यांपेक्षा शहर सुरक्षित ठरावे याचे कारण शेतीच्या बदललेल्या रूपात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांना वळायला जागा हवी म्हणून ब्रिटनमधली सुमारे निम्मी झुडपी कुंपणे उपटली गेली. तीच हेजहॉगची निवाऱ्याची जागा आणि प्रवासाची वाट होती. कीटकनाशकांनी भुंगेरे आणि अळ्या कमी झाल्या. उघड्या पडलेल्या रानात बॅजरपासून लपायला आडोसा उरला नाही. बॅजर हा त्याला खातो आणि त्याच्याच गांडुळांवर जगतोही, पण झुडुपे आणि अन्न मुबलक होते तेव्हा दोघे एकाच प्रदेशात नांदत होते, हे विसरून केवळ बॅजरला जबाबदार धरणे चुकीचे आहे. रस्त्यांवर ब्रिटनमध्ये दरवर्षी एक लाख सदुसष्ट हजार ते तीन लाख पस्तीस हजार हेजहॉग मरत असावेत, असा एक अभ्यास सांगतो. वाहन आले की पळण्याऐवजी थांबून अंग आवळणे, हा लाखो वर्षे उपयोगी पडलेला उपाय तेथे कुचकामी ठरतो.

शहरातल्या बागांची अडचण वेगळी आहे. अन्न असते, पाचोळा असतो, पण प्रत्येक बाग सपाट लाकडी किंवा सिमेंटच्या कुंपणाने बंदिस्त असते आणि तीस हेक्टर हिंडणाऱ्या प्राण्याला एक बाग पुरत नाही. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संस्थांनी ‘हेजहॉग स्ट्रीट’ ही मोहीम सुरू केली. तिचे सांगणे अगदी साधे होते: शेजाऱ्याशी बोलून कुंपणाच्या तळाशी तेरा सेंटिमीटर लांब-रुंद भोक पाडा. हेजहॉग त्यातून जातो, बहुतेक पाळीव कुत्री जात नाहीत. इतका कमी खर्चाचा आणि इतका नेमका उपाय वन्यजीव संरक्षणात विरळाच सापडतो. गोगलगायी मारण्यासाठी वापरले जाणारे मेटाल्डिहाइड हे विषही ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून उघड्यावर वापरण्यास बंद झाले. आता चिंता आहे ती रात्री आपोआप गवत कापणाऱ्या यंत्रांची. त्यांतील अनेक यंत्रे हेजहॉगला स्पर्श झाल्याखेरीज ओळखत नाहीत, असे डेन्मार्कमधल्या चाचण्यांत दिसून आले, आणि म्हणून ती सूर्यास्तानंतर चालवू नयेत असे सुचवले जाते.

भारतात हेजहॉगच्या तीन जाती आहेत, ही गोष्ट आपल्याकडे सुशिक्षितांनाही बहुधा ठाऊक नसते. राजस्थान, गुजरात आणि वायव्य भारताच्या कोरड्या पट्ट्यात लांब कानांचा, काळसर हेजहॉग राहतो. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये त्याचे वर्णन केले. जवळजवळ त्याच प्रदेशात फिकट रंगाचा, चेहऱ्यावर गडद पट्टा आणि माथ्यावर काट्यांमध्ये भांग असलेला दुसरा हेजहॉग आढळतो आणि त्याला शास्त्रीय नाव दिले एडवर्ड ब्लाइद यांनी १८४६ मध्ये. कच्छ-सौराष्ट्रात हेजहॉगला शेळो म्हणतात. तिसरा मद्रास हेजहॉग केवळ दक्षिण भारतातला, मुख्यतः तमिळनाडूचा रहिवासी असून १८५१ मध्ये हॉर्सफिल्ड यांनी त्याचे वर्णन केले. तमिळमध्ये त्याला ‘मुळ् एली’, म्हणजे काटेरी उंदीर, असे नाव आहे.

थरच्या वाळवंटातील दोन्ही जातींवर देव कृष्ण आणि ईश्वर प्रकाश यांनी केलेला अभ्यास १९५० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला आणि आजही भारतीय हेजहॉगांविषयीच्या माहितीचा पाया तोच आहे. युरोपीय भाईबंदांपेक्षा हे प्राणी लहान आणि त्यांच्या अडचणी उलट. तेथे थंडी मारते, येथे उन्हाळा आणि दुष्काळ. लांब कानांच्या पातळ कातडीतून शरीरातली उष्णता बाहेर टाकली जाते. दिवस काटेरी झुडपाखाली खणलेल्या बिळात जातो आणि रात्री भुंगेरे, वाळवी, विंचू, पाली यांचा शोध चालतो. अन्नपाण्याची टंचाई झाली की फिकट हेजहॉग थंडीवाचूनही शरीराचा कारभार मंदावून पडून राहतो. त्याची मादी एका वेळी एक किंवा दोनच पिल्ले देते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला वेळ लागतो. मद्रास हेजहॉग तिरुनेलवेली-तूत्तुक्कुडीकडच्या तांबड्या वाळूच्या तेरी रानांत, खुरट्या झुडपांच्या माळांवर आणि कोरडवाहू शेतांच्या कडेला राहतो. डांग्या खोकल्यावर औषध म्हणून तेथे त्याचे काटे आणि मांस वापरण्याची जुनी रीत आहे. काटा हा केराटिनचा, म्हणजे नखाच्याच जातीचा पदार्थ असून त्यात खोकला बरा करण्याचा गुण नाही. डांग्या खोकल्यावर लस आहे आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

तिन्ही भारतीय जाती आययूसीएनच्या यादीत ‘चिंता नसलेली’ या वर्गात आहेत. पण त्या जेथे राहतात त्या जमिनीचे सरकारदरबारी नाव काय आहे? भूसंसाधन विभागाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि वाळूचे पट्टे पडीक म्हणूनच दाखवलेले असतात, आणि पडीक ठरलेली जमीन कारखान्याला, सौरपट्ट्यांना, एकसुरी वृक्षलागवडीला किंवा रस्त्याला द्यायला कोणाची हरकत राहत नाही. झुडपाखालचे बीळ, पाचोळ्यातला भुंगेरा आणि रात्रीत दोन किलोमीटर चालून जाता येईल अशी अखंड जमीन ही ज्याची गरज आहे, त्या प्राण्याला अशा नोंदीत जागाच नाही. युरोपने आपली झुडपी कुंपणे उपटल्यावर तीन पिढ्यांनी हिशेब मांडला. भारतातल्या माळांचा हिशेब ते शाबूत असतानाच मांडायला हवा आणि त्यांना पडीक म्हणणे थांबवायला हवे.

दिवाळीच्या सुट्टीत कच्छला, जैसलमेरला किंवा तिरुनेलवेलीकडे जाणाऱ्या वाचकाला रात्रीच्या रस्त्यावर मुठीएवढा काटेरी गोळा दिसला तर त्याने गाडी थांबवावी, प्राणी आपल्या वाटेने निघून जाईपर्यंत मागून येणाऱ्या वाहनांना इशारा करावा, त्याला हाताळू नये, दूध पाजू नये, घरी आणू नये. दुरून एक छायाचित्र घ्यावे आणि ठिकाण, तारीख व वेळ यांसह ते इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंदवावे.